औषधापूर्वीची तपासणी : उपकार नव्हे, अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



एचआयव्हीवरील औषधांची चर्चा आपल्याकडे बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. ते स्वाभाविकही आहे. २००१ साली ‘सिप्ला’ या भारतीय कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्या अशा उपचारासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास आकारीत होत्या. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावर पेटंट नाकारून केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर मान्य केले होते, म्हणून हे घडू शकले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली. हे यश लहान नव्हे. परंतु गोळी फुकट झाली म्हणजे ती प्रत्येकाच्या शरीराला निर्धोक झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

स्टाव्युडिनचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हे औषध स्वस्त होते, म्हणून गरीब देशांच्या उपचारक्रमात त्याला मोठे स्थान मिळाले. भारतातील आरंभीच्या मोफत उपचारातही ते होते. त्याने असंख्यांचे प्राण वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कित्येकांच्या हातापायांच्या नसा त्याने बधिर केल्या आणि गालांवरची चरबी झडून चेहऱ्यावरच रोगाची खूण उमटविली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. श्रीमंत देशांनी त्याआधीच ते दूर सारले होते. ज्याचे पोट हातापायांच्या श्रमावर चालते, त्या मजुराच्या तळपायांची आग कोणत्या ताळेबंदात मांडली गेली? अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो येथे रुग्णाच्या देहावर टाकला गेला होता.

आजची स्थिती पुष्कळ बरी आहे. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती परिणामकारक आहे आणि बहुतेकांना मानवते. तरीही ती सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच गेले पाहिजेत.

पहिला प्रश्न क्षयरोगाचा. खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम ही चार लक्षणे प्रत्येकाला विचारावयाची असतात. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण घटविते. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी चालू असतील, तर ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविर एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. दुसरा प्रश्न ‘ब’ प्रकारच्या काविळीचा. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन तिच्या विषाणूलाही आवरतात. पण गोळ्या अचानक थांबल्या, तर कावीळ उसळून यकृताला धोका होतो. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने परमुलखात जाणाऱ्या मजुराच्या बाबतीत हा धोका पुस्तकी राहत नाही. तिसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. टेनोफोविर क्वचित मूत्रपिंडाला इजा करते. तेव्हा क्रिएटिनिनची तपासणी हवी आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांची तर अधिक काळजीने हवी. टेनोफोविरऐवजी झिडोव्युडिन द्यावयाचे झाल्यास हिमोग्लोबिन पाहणे अगत्याचे, कारण त्याने रक्तक्षय होऊ शकतो.

चौथा प्रश्न रुग्ण आधीच घेत असलेल्या औषधांचा. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची मात्रा डोल्युटेग्राविरबरोबर मर्यादित ठेवावी लागते. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन त्याचा प्रभाव कमी करतात. आम्लपित्ताच्या कित्येक गोळ्या त्याच वेळी घेतल्या, तर ते पोटात नीट शोषले जात नाही. त्या दोन तास नंतर किंवा सहा तास आधी घ्याव्यात. पाचवा प्रश्न सततच्या डोकेदुखीचा. मेंदूच्या आवरणाला क्षयाचा वा बुरशीचा संसर्ग असेल, तर आधी त्यावर उपचार करून एचआयव्हीची औषधे काही आठवडे पुढे ढकलावी लागतात.

मात्र सुरक्षिततेचे नाव घेऊन उपचार लांबविणे हाही अपराधच होय. निदानानंतर सात दिवसांच्या आत, आणि रुग्ण तयार असल्यास त्याच दिवशीही, उपचार सुरू करावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून सांगत आहे. रक्ताचा अहवाल यावयाचा आहे एवढ्या कारणावरून कोणाला रित्या हाताने परत पाठविणे योग्य नव्हे. २०१८ साली बोट्स्वानातील प्राथमिक आकड्यांवरून डोल्युटेग्राविरमुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष येतात, अशी शंका निघाली आणि अनेक ठिकाणी तरुण स्त्रियांना हे औषध नाकारण्यात आले. पुढे मोठी आकडेवारी हाती आल्यावर धोका दिसला त्याहून कितीतरी कमी ठरला आणि २०१९ मध्ये शिफारस सर्वांसाठी खुली झाली. मधल्या काळात निर्णय स्त्रीविषयी झाला, स्त्रीला विचारून झाला नाही. माहिती देणे आणि निवड हिरावून घेणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माहितीपूर्वक संमती आणि गुप्तता यांना त्याने कायद्याचे बळ दिले. परंतु निदानाच्या सोयी आणि औषधे पुरविण्याच्या कलमात ‘शक्य तितक्या प्रमाणात’ अशा आशयाची पळवाट ठेवली. शक्य किती, हे कोण ठरविणार? यंत्र बंद आहे, रसायन संपले आहे, म्हणून रुग्णाला खाजगी प्रयोगशाळेची चिठ्ठी मिळाली, की मोफत उपचार त्या दिवसापुरता विकतचा होतो.

कार्यकर्त्याने डॉक्टर होण्याचे कारण नाही. त्याने संमती घेऊन सोबत जावे, घरातील सगळ्या गोळ्यांची वेष्टने पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावयास सांगावे, स्थलांतरापूर्वी पुरेशा गोळ्या मिळतील हे पाहावे, आणि रुग्णाचे नाव चावडीवर जाऊ देऊ नये. तपासणी बंद पडली, तर मात्र नाव न घेता सर्वांच्या वतीने आवाज उठवावा. रुग्णाचे मौन राखणे आणि त्याच्या हक्कासाठी बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच निष्ठेच्या आहेत.