नव्या मालाची छाप

जुन्या दफ्तरांतील मराठी पत्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ठाऊक असेल कीं, पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि शेवटीं मोर्तब. मजकूर कोणीहि कारकून लिही; पण तो धन्याचा आहे आणि येथेंच संपला आहे, ही ग्वाही त्या दोन ठशांनीं मिळे. कारखानदार आपल्या मालावर जें चिन्ह उठवितो तेंहि अशीच एक मुद्रा होय. त्याला आज बोधचिन्ह म्हणतात. बाजारांत त्याचें साधें नांव 'छाप'. नवा माल विकावयास काढणारानें ही छाप कशी ठरवावी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षां अवघड आहे.

बहुधा घडतें तें असें. साबणाचा किंवा मसाल्याचा कारखाना काढणारा गृहस्थ चित्रकाराला बोलावितो आणि त्याच्यापुढें आपल्या आवडींची यादी ठेवितो. उगवता सूर्य हवा, कमळ हवें, चाक हवें, वडिलांच्या नांवाचें आद्याक्षर हवें, आणि सोनेरी रंग तर हवाच. चित्रकारहि तें सारें एका वर्तुळांत बसवून देतो. चित्र घरांतल्या सर्वांना आवडतें. परंतु तें कांहीं मालकाच्या दिवाणखान्यांत राहावयाचें नसतें. अंगठ्याएवढें होऊन, घाईंत छापलें जाऊन, दुकानाच्या अंधाऱ्या फळीवर दहा सारख्या वड्यांच्या रांगेंत त्याला बसावयाचें असतें. आणि तेथें त्याला ओळखणारी बाई कदाचित् निरक्षर असते. तिच्या जागीं उभें राहून पाहिलें म्हणजे तीन कसोट्या आपोआप पुढें येतात.

पहिली कसोटी ही कीं, चिन्ह तोंडानें सांगतां आलें पाहिजे. मोठ्या शहरांत आतां माल हातानें उचलून घेण्याची सोय झाली असली, तरी गल्लींतल्या वाण्याकडे गिऱ्हाईक अजून बोलूनच मागतें. लंडनच्या फ्रान्सिस बॅरॉड नांवाच्या चित्रकारानें आपल्या घरच्या निपर या कुत्र्याचें चित्र काढलें होतें. कुत्रा ध्वनियंत्राच्या कर्ण्यापाशीं कान देऊन बसला आहे, एवढाच त्याचा विषय. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें तें चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांना घेतले. मात्र चित्रांतलें दुसऱ्याचें यंत्र पुसून त्या जागीं आपलें यंत्र काढावयास लावलें. 'हिज मास्टर्स व्हॉइस' हें त्याचें लांबलचक इंग्रजी नांव आपल्याकडे ज्यांना उच्चारतां येत नसे, त्यांनाहि 'कुत्रा छाप' एवढे दोन शब्द पुरत. हें चिन्ह कोणत्याहि सजावटीमुळें चाललें नाहीं; मूल देखील त्याचें वर्णन करूं शकत होतें, म्हणून चाललें.

दुसरी कसोटी, चिन्ह दुरून व घाईंत दिसलें पाहिजे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर जाहिरातींची इतकी दाटी असे कीं, गाडींतल्या उतारूला स्टेशनाचें नांव सांपडेना. तेव्हां १९०८ च्या सुमारास एक भरींव तांबडी तबकडी आणि तिच्यावर आडवी निळी पट्टी अशी खूण भिंतींवर लावण्यांत आली. स्टेशनाचें नांव त्या पट्टींत. फ्रँक पिक या अधिकाऱ्यानें पुढें एडवर्ड जॉन्स्टन या अक्षरलेखकाकडून १९१६ सालीं नवीं, साधीं, ठसठशीत अक्षरें करून घेतलीं, आणि जॉन्स्टननेंच त्या भरींव तबकडीचें कडें केलें. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी तें कडें व ती पट्टी आज लंडनमध्यें कायम आहेत. सुंदर चित्र काढावें अशी कोणाची प्रतिज्ञा नव्हती; चुकणाऱ्या उतारूची सोय पाहिली, आणि सौंदर्य मागाहून आलें.

तिसरी कसोटी, चिन्ह आपलें असावें, दुसऱ्याचें नसावें. इंग्लंडांत १८७५ सालीं व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १८७६ सालीं बास या बिअरच्या कारखान्याचा तांबडा त्रिकोण पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला. एद्वार माने या फ्रेंच चित्रकारानें १८८२ सालीं पॅरिसच्या एका करमणूकगृहाचें प्रसिद्ध चित्र रंगविलें. त्यांत बाटल्यांवरचा तो त्रिकोण दिसतो आणि चिठीवरचें अक्षर न वाचतां माल ओळखूं येतो. आपल्याकडे १९४० सालीं असा कायदा झाला. सध्यांचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलांत आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुनःपुन्हां वाढवितां येते. दुसऱ्याच्या चिन्हाशीं घोटाळा होईल असें चिन्ह, किंवा मालाचा नुसता गुण सांगणारा शब्द, सहसा नोंदला जात नाहीं. कारण 'उत्तम' हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा कसा व्हावा? महाराष्ट्रांतील नव्या कारखानदाराला शिवछत्रपतींचें चित्र घालावें असें सहज वाटतें. परंतु १९५० च्या एका कायद्यान्वयें महाराजांचें नांव वा चित्र अशा कामीं वापरण्यास मनाई आहे, आणि तें योग्यहि आहे. ज्या नांवाची पुण्याई आपण मिळविलेली नाहीं, तिच्यावर साबण विकूं नये.

या तिन्ही कसोट्यांना उतरलेलें चिन्हहि आरंभीं रिकाम्या भांड्यासारखें असतें. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेल्या प्रभात कंपनीचें चिन्ह तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचें होतें. तुतारी म्हणजे शुभवार्तेची ललकारी, हें मराठी माणसाला शिकवावें लागलें नाहीं. तरी पण त्या तुतारीला मान मिळाला तो तिच्या मागून येणाऱ्या 'अयोध्येचा राजा' आणि 'संत तुकाराम' अशा चित्रपटांमुळें. कंपनी पुढें बंद पडली. तुतारी मात्र लोकांच्या मनांत राहिली.

म्हणून नव्या कारखानदारानें यादी बाजूला ठेवावी. चित्रकारानें काढलेलें चिन्ह नखाएवढें करून, नुसत्या काळ्या शाईंत, हलक्या कागदावर छापावें आणि घरच्यांना न दाखवितां वाण्याला, हमालाला, शेजारच्या मुलाला दाखवून विचारावें, "ही कोणती छाप?" तिघांनीं दोन शब्दांत एकच उत्तर दिलें तर चिन्ह पक्कें करावें आणि मग दरवर्षीं त्याची वेलबुट्टी बदलीत बसूं नये.

आणखी एक गोष्ट त्यानें ध्यानांत ठेवावी. ज्या खुणेनें गिऱ्हाईक चांगला माल हुडकून काढतें, त्याच खुणेनें तें वाईट माल टाळतें. बिनछापाची वडी खराब निघाली तर दोष दैवाचा. छापाची निघाली तर दोष छापाचा. छाप जितकी ठसठशीत, तितकी ती धन्याला अधिक जखडते. जो हें बंधन आनंदानें पत्करील, त्यानेंच आपल्या मालावर मुद्रा उठवावी.