शिरेतील नळी आणि परिचारिकेचा अधिकार

(आरोग्य शिक्षण शिबिरात शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मानेला किंवा कॉलरबोनच्या खाली बसविलेली एक बारीक नळी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. हाताला लावलेल्या सलाईनसारखीच ती दिसते. परंतु तिचे टोक हृदयालगतच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचलेले असते. डॉक्टर मंडळी तिला 'सेंट्रल लाइन' म्हणतात. रक्तदाब सावरणारी किंवा कर्करोगावरील जहाल औषधे हाताच्या नाजूक शिरांना सोसत नाहीत. ती या वाटेने सुरक्षितपणे देता येतात. 1929 साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकविली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढविले. त्या वेळी त्याच्या वाट्याला टीकाच अधिक आली. नोबेल पारितोषिकाचा मान मिळावयास 1956 साल उजाडले.

तथापि, जी वाट औषधाला मोकळी तीच जंतूंनाही मोकळी असते. आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे नांदणारे जंतू नळीच्या बाहेरील अंगाने आत उतरतात, किंवा नळीच्या तोंडाला न धुतलेला हात लागला तर आतून रक्तात शिरतात. नळीच्या पृष्ठभागावर ते एक चिकट थर तयार करतात. या थरात दडलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून पुष्कळदा नळी काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मूळ आजारातून सावरत असलेला रुग्ण अशा वेळी रक्तातील संसर्गाने दगावतो, ही यातील खरी शोकांतिका होय.

हे अटळ आहे असेच दीर्घकाळ मानले गेले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी 2001 साली या समजुतीला आव्हान दिले. त्यांनी नवे औषध शोधले नाही. एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. हात साबणाने धुवावेत. रुग्णाची कातडी क्लोरहेक्झिडीनने स्वच्छ करावी. रुग्णाचे सर्व अंग निर्जंतुक चादरीने झाकावे आणि डॉक्टरने टोपी, मास्क, गाऊन व हातमोजे घालावेत. शक्यतो जांघेतील शीर टाळावी. आणि गरज संपताच नळी काढावी. यांत एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. परंतु परिचारिकांना महिनाभर नोंद ठेवण्यास सांगितले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गळत असल्याचे आढळले.

त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. पायरी चुकल्यास डॉक्टरला तेथेच थांबविण्याचा अधिकार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने परिचारिकेला दिला. कार्यालयीन उतरंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील अवघडपणा वेगळा सांगावयास नको. कनिष्ठाने वरिष्ठाला "थांबा, हात धुवा" म्हणावयाचे, आणि वरिष्ठाने ते ऐकावयाचे! सामानाचीही व्यवस्था बदलली. ठिकठिकाणी विखुरलेल्या वस्तू एकाच ढकलगाडीवर ठेवण्यात आल्या. कारण चादर आणावयास दुसऱ्या खोलीत जावे लागले की घाईत ती चादरच गळते.

पुढे मिशिगन राज्यातील रुग्णालयांनी हीच पद्धत स्वीकारली. 103 अतिदक्षता विभागांच्या नोंदी 2006 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाल्या. हा संसर्ग 'नळी-दिवसां'वर मोजतात. दहा रुग्णांना प्रत्येकी दहा दिवस नळी असेल तर ते शंभर नळी-दिवस झाले. दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी 7.7 असलेले प्रमाण दीड वर्षाच्या सुमारास 1.4 वर आले. तीन महिन्यांनंतरच किमान निम्म्या विभागांत या संसर्गाची नोंद शून्यावर आली होती. नुसता कागद भिंतीवर चिकटवून हे साधले असते असे मात्र समजू नये. प्रत्येक विभागाला त्याचे आकडे नियमितपणे कळविले जात, आणि रुग्णालयाच्या वरिष्ठांनाही त्यांत लक्ष घालावे लागे.

भारतातील 7 शहरांमधील 12 अतिदक्षता विभागांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. तेथे हे प्रमाण हजार नळी-दिवसांमागे 7.92 आढळले, म्हणजे मिशिगनच्या आरंभीच्या सरासरीच्या जवळपासच. साबण, चादर आणि क्लोरहेक्झिडीन या काही परदेशातून मागवाव्या लागणाऱ्या वस्तू नव्हेत. एका परिचारिकेकडे अनेक अत्यवस्थ रुग्ण सोपविलेले असले, तर मात्र नळी बसविताना शेजारी उभे राहून पाहणार कोण, हा प्रश्न उरतो; आणि त्याचे उत्तर वॉर्डात नव्हे, पदे मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावर असते.

गावातील माणूस रुग्णालयात असताना सोबत जाणारे नातेवाईक पुष्कळदा आपणांसच सल्ला विचारतात. नळीला किंवा तिच्यावरील पट्टीला त्यांनी हात लावू नये. पट्टी ओली झाली, सुटली, अथवा रुग्णाला थंडी वाजून ताप भरला तर तत्काळ परिचारिकेस सांगावे. आणि रोज सकाळी डॉक्टर फेरीवर आले की नम्रपणे एवढेच विचारावे : "साहेब, ही नळी आजही लागणार आहे का?"