आधी घरात, मग वाफ्यात

टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी थेट वाफ्यात टाकण्याऐवजी आधी घरात रोपं तयार करा. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरून बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो. मिरचीला जास्त दिवस लागतात. कोंब दिसताच ट्रे भरपूर उजेडात ठेवा, नाहीतर रोपं लांबट, लुळी होतात. पाणी साचलं तर ती बुडाशी कुजून कोलमडतात. चार-पाच पानं आली की आठवडाभर रोज थोडं जास्त ऊन दाखवा, पाणी जरा कमी करा. मग संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न फोडता रोपं लावा आणि लगेच पाणी द्या. मुळा, गाजर मात्र जागेवरच पेरा. त्यांना पुनर्लागवड मानवत नाही.