ताप अंगावर काढू नका

 

आज बोलायचंय फ्लूबद्दल. तुम्ही म्हणाल, सर्दी-ताप दर पावसाळ्यात येतो, त्यात काय सांगायचं? मीही असंच म्हणत होते. २०१५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. कांद्याच्या खुरपणीहून आली अन् म्हणाली, "ताई, अंग लई ठणकतंय, थंडी वाजतीय." मी म्हटलं, "हवा बदललीय. गवती चहा घे, उतरेल." तिनं तीन दिवस अंगावर काढलं. चौथ्या दिवशी धाप लागली, बोलताना शब्द तुटायला लागले. मग गाडी, मोठा दवाखाना, ऑक्सिजन. स्वाइन फ्लू निघाला. त्या वर्षी राज्यात त्याची मोठी साथ होती. बारा दिवसांनी ती घरी आली, बाळही वाचलं. पण "उतरेल" म्हणणारी मीच होते, हे मी विसरले नाही.

या स्वाइन फ्लूनं २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा तिथल्या शाळा बंद झाल्या होत्या. तोच विषाणू आता दरवर्षी साध्या फ्लूसारखा फिरतो. आपल्याकडे तो पावसाळ्यात जास्त आणि थंडीच्या शेवटी पुन्हा एकदा डोकं वर काढतो. म्हणजे नवरात्राच्या आधी आणि पौषातल्या भगवतीमातेच्या यात्रेच्या सुमाराला. गर्दी आणि आजार एकाच वेळी येतात.

साध्या सर्दीत नाक वाहतं, पण कामं चालू राहतात. फ्लूत एकदम ताप चढतो, कोरडा खोकला येतो, अंग मोडून येतं. धडधाकट माणूस आठवड्यात बरा होतो. धोका असतो तो गरोदर बाईला, लहान लेकराला, म्हाताऱ्या माणसाला आणि दमा, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्याला.

यावर लस आहे. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच घ्यावी. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीनं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, एवढंच. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण जिवावर बेतण्याची भीती बरीच कमी होते.

आणि हे नीट ऐका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईनं पोटुशी असताना लस घेतली तर. एका सुईत दोन जीव.

खासगी दवाखान्यात ही लस महाग पडते. पण आपल्या राज्यात गरोदर मातांना चौथ्या महिन्यापासून आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांना सरकारी दवाखान्यात ती मोफत देण्याची सोय केलेली आहे. साठा कायम असतोच असं नाही. म्हणून आशाताईंना आधी विचारा, आणि एकटीनं नाही, गटानं विचारा.

आता घरातलं. आपला पदर फार कामाचा. त्यानं एका लेकराचं नाक पुसतो, त्यानंच दुसऱ्याचं तोंड, अन् त्यानंच ताट. असा आजार घरभर फिरतो. नाक पुसायला जुन्या सुती कापडाचे तुकडे वेगळे ठेवा, रोज साबणानं धुऊन उन्हात वाळवा. शिंक तळहातात घेऊ नका, त्याच हातानं भाकरी थापायची असते. कोपराच्या आतल्या बाजूत शिंका. बाहेरून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी, बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवा; वीस आकडे सावकाश मोजेपर्यंत. आजारी माणसाजवळ खिडकी उघडी ठेवा.

एक मागणं गटांकडे. बैठकीला आलं नाही की आपण दंड लावतो. मग बाई तापातही येते, सगळ्यांत बसते, खोकते, वही हातोहात फिरते. ताप असेल तिला दंड माफ, असा ठराव पुढच्याच बैठकीत करा. तिची बचत शेजारणीनं आणून द्यावी. आणि तिचा रोज बुडतो म्हणून ती खुरपणीला जात असेल, तर गटातून थोडी उचल द्या.

शेवटी खुणा लक्षात ठेवा. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, ग्लानी येणं, बाळानं दूध सोडणं, ताप उतरून पुन्हा चढणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाईनं तर खुणांची वाट पाहू नये, ताप आला त्याच दिवशी जावं. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, फ्लूच्या विषाणूवर ते चालत नाही.

माझ्या जावेचा तो मुलगा आता शाळेत जातो. मैत्रिणींनो, तुमच्या घरात, गल्लीत कोण पोटुशी आहे, आज आठवून बघा. तिला उद्या आशाताईंकडे घेऊन जा. येते, रामराम.