कॉर्नवॉलच्या कड्यांवरून एक दिवस

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतांत झेनर या खेड्यापासून सेंट आइव्ह्ज बंदरापर्यंत समुद्राच्या कडेनें एक पायवाट जाते. अंतर अवघें सहा-सात मैलांचें; पण धडधाकट मनुष्याचेंही चार तास त्यांत सहज मोडतात.

ही वाट सहलीसाठीं झालेली नाहीं. पूर्वीं ब्रँडी, तंबाखू व चहा जकात चुकवून या किनाऱ्यावर उतरत असे. पुढें १८२२ सालीं तटरक्षकांचें दल स्थापन झालें. प्रत्येक खांच डोळ्यांखालून घालावयाची म्हणून पहारेकरी कड्याच्या अगदीं काठानें फिरत. म्हणूनच ही वाट सरळ न जातां प्रत्येक ओढ्यापाशीं खालीं उतरते आणि लगेच दम लागेल अशी वर चढते. अशा लांब वाटा जनतेसाठीं राखण्याची सोय १९४९ च्या कायद्यानें झाली. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंतची सुमारें ६३० मैलांची किनारवाट, जिचा हा एक तुकडा आहे, ती १९७८ पर्यंत सर्वांस खुली झाली.

पदभ्रमण मंडळाचे सभासद सकाळीं झेनरच्या चर्चपाशीं जमतात, बाकावर कोरलेली मत्स्यकन्या पाहतात आणि निघतात. पुढें वाटाड्या चालतो, सर्वांच्या शेवटीं एक अनुभवी सभासद. त्याच्या मागें कोणीं राहावयाचें नाहीं, हा नियम. कोठें कातळावर हात टेकून चढावें लागतें, कोठें चिखलांत घोट्यापर्यंत पाय रुततो. वाटेंत कॅरक्स नांवाच्या खडकांवर सील प्राणी पहुडलेले दिसले कीं शिदोऱ्या सुटतात.

मध्यें ना गांव, ना मोटाररस्ता. अशा ठिकाणीं समुद्रावरून धुकें चढलें म्हणजे चार हातांवरचा काठ दिसेनासा होतो. ठरलेला बेत तडीस न्यावा, कीं थकलेल्याला सांभाळावें? तरुणांना पुढें जावयाचें असतें. कोणा वृद्धाचे गुडघे थरथरत असतात. जाणता वाटाड्या अशा वेळीं वाद घालीत नाहीं. तो सर्वांना आंतल्या शेतवाटेनें नेतो. पूर्वीं याच वाटेनें शवपेट्या चर्चकडे नेत, असें सांगतात. दगडी बांध ओलांडीत, गाईंच्या कुरणांतून, ती बिनबोभाट सेंट आइव्ह्जला पोंचविते. कांहीं जण कुरकुरतात. पण चहाच्या टेबलापाशीं ती कुरकुर विरते.

बंदरांत वाटाड्या पुन्हां डोकीं मोजतो. सकाळचा आंकडा जुळला म्हणजे दिवस सार्थकीं लागला. ज्या वाटेवर एके काळीं चोरांवर पहारा होता, तेथें आतां सोबत्यांवर नजर ठेवावी लागते. आणि हें काम त्याहून सोपें नाहीं.