पाकिटातले जिवाणू मीच मारले होते

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. आज कोडिंग नाही, आज हरभरा.

आमचं शेत लातूर जिल्ह्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, शेती अण्णा बघतात. तीन वर्षांपूर्वी हरभऱ्यात मर लागली. चांगली हिरवी झाडं मान टाकायची आणि वाळून जायची. खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसायची. हे काम फ्युजॅरियम बुरशीचं. ती मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. शेतात हरभरा नसला तरी ती जमिनीत सहा-सहा वर्षं टिकते. त्यामुळे एक वर्ष पीक बदललं आणि सुटलो, असं होत नाही.

मग मी वाचायला लागलो. मुळांभोवतीच्या मातीत काही जिवाणू झाडाच्या बाजूचे असतात. मुळं साखरेसारखे पदार्थ बाहेर सोडतात, त्यावर ते जगतात. स्युडोमोनास घ्या. त्याच्या काही जाती लोह पकडून ठेवणारा पदार्थ सोडतात, म्हणजे रोगाच्या बुरशीला लोह मिळत नाही. क्लोपर आणि श्रॉथ यांच्या गटानं १९८० साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. शिवाय हे जिवाणू मुळावरची जागा आधीच अडवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, एका पोर्टवर एक सर्व्हर चालू असला की दुसरा तिथे सुरू होत नाही! रायझोबियमचं काम वेगळं. तो मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र झाडाला देतो.

झालं, पुढच्या ऑक्टोबरात दोन्हींची पाकिटं घेतली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर टाकली. पुण्याहून गावापर्यंत काचेतून ऊन. घरी पोचल्यावर वेळ वाचवायला बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले. अण्णा म्हणाले, "सगळं एकत्र चालतं का रे?" मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही काळजी करू नका."

मर तशीच लागली. झाडं उपटली तर गाठी नावालाच होत्या. मी अण्णांना म्हणालो, "हे जैविक वगैरे सगळं फसवं आहे." तेव्हा पाकीट कुठे ठेवलं होतं, कशात कालवलं, हे त्यांनी एकेक करून विचारलं. मग शांतपणे म्हणाले, "अरे, उकळत्या दुधात विरजण घालतं का कुणी?"

डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ते औषध समजत होतो. ते विरजण होतं, जिवंत.

गेल्या रब्बीत आम्ही पद्धत बदलली. पाकिटाची मुदत तपासली, पाकीट सावलीत, थंड जागी ठेवलं. मर रोगाला प्रतिकारक असलेला विजय वाण घेतला. रासायनिक बुरशीनाशक घेतलंच नाही. आधी किलोला १० ग्रॅम स्युडोमोनास, मग शेवटी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून, हलक्या हातानं. बी सावलीत सुकवलं आणि लगेच पेरलं. चार ओळी मुद्दाम जिवाणू न लावता सोडल्या, नाहीतर फरक कळणार कसा?

फुलोऱ्याआधी दोन्हीकडची झाडं मातीसकट उपटली. लावलेल्या ओळींत गाठी जास्त होत्या. नखानं फोडल्यावर आतून गुलाबी, म्हणजे काम चालू. मर कमी होती, पण शून्य नव्हती. त्यात वाणाचा वाटा किती आणि जिवाणूंचा किती, हे एका हंगामावरून मी छातीठोक सांगणार नाही. यंदाही चार ओळी सोडणार आहोत.

एक गोष्ट मात्र पक्की. झाड वाळायला लागल्यावर जिवाणू ओतून ते परत उभं राहत नाही. जागा पेरणीआधीच अडवावी लागते.

तुमच्या घरी कुणी पेरणी करणार असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि ते पाकीट आत्ता कुठे ठेवलंय, तेवढं फोन करून विचारा. भेटू पुढच्या भागात!