नोटीस पेटीत ठेवून थकबाकी फिटत नाही
(खारदांडा कोळीवाड्यातील बैठकीत केलेले भाषण)



शेतकऱ्यांच्या चळवळीतला माणूस दांड्यात येऊन काय सांगणार, असे काहींना वाटेल. मी शेतकीचा पदवीधर, पण आयकराचा धडा शिकलो तो घरच्या कोंबड्यांमुळे. शेतीला कर नाही, म्हणजे कोंबड्यांनाही नाही, असे धरून चाललो. नोटीस आली ती भीतीने पेटीत टाकली. पेटीत रक्कम वाढतच गेली.

तीच समजूत इथेही आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगले झाले. कर्ज, वीज, विमा यांसाठी त्याचा उपयोग आहे. पण आयकर केंद्राचा. त्या कायद्यात शेतीचे उत्पन्न म्हणजे जमिनीतून निघालेले. दर्याला सातबारा नाही. म्हावरे, दूध, कोंबडी हे तिन्ही करपात्र धंदे आहेत.

म्हणून सगळ्यांना कर बसतो का? नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पण उत्पन्न 4 लाखांवर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. वह्या नीट नसल्या तरी 2 कोटींपर्यंतच्या उलाढालीवर 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरून भरता येते.

सोसायटीच्या संचालकांनी विशेष ऐकावे. अटीत बसणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेला मासेमारीच्या नफ्यावर पूर्ण वजावट आहे. मात्र 2018-19 या कर आकारणी वर्षापासून विवरणपत्र मुदतीत भरले तरच ती मिळते. ऑडिट रखडले, तारीख गेली, की सभासदांच्या घामाच्या पैशावर कर लागतो.

मागची वर्षे राहिली असतील तर? 2025 च्या सुधारणेनंतर चार वर्षांपर्यंतचे अद्ययावत विवरणपत्र भरता येते. कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी 25 टक्के जादा, मग 50, 60 आणि 70. उशीर जितका, भुर्दंड तितका. नोटिशीची वाट पाहू नका.

मागणीची नोटीस आलीच असेल तर ती आज उघडा. साधारण 30 दिवसांची मुदत असते. नंतर दरमहा 1 टक्का व्याज. मुदतीच्या आत हप्ते मागणारा अर्ज द्या. आकडा चुकीचा वाटला तर अपील करा. वसुली थांबवायला बहुधा मागणीचा काही भाग भरावा लागतो. जुनी मागणी असेल तर आधी तपासा: 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 मधल्या 10,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती.

कोणी म्हणेल, चळवळीने कर भरा म्हणून सांगायचे? 1928 मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा नाकारला, पण उघडपणे, कारण सांगून. नंतरच्या चौकशीत 22 टक्क्यांची वाढ 6 टक्क्यांच्या आसपास आली. तो लढा होता. कागद पेटीत दडवणे हा लढा नव्हे.

आपण घामाचे दाम मागतो. दाम मागायचे तर डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा वाटा यांचा खर्च मांडता आला पाहिजे. ज्या वहीने विवरणपत्र भरायचे, त्याच वहीने उत्पादन खर्च सिद्ध करायचा आहे. आज घरी जा आणि पेटी उघडा.